वर्णांचे नित्यत्व आणि नऊ सुयांचे यंत्र

वर्ण नित्य आहे, की प्रत्येक उच्चारासरशी तो नव्याने उपजून लागलीच नाश पावतो, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील जुना वाद आज पाठशाळांतूनही फारसा ऐकू येत नाही. शबरस्वामी आणि कुमारिलभट्ट या मीमांसकांनी त्यापायी एवढी बुद्धी खर्ची घातली याचे कारण उघड आहे. वेद अपौरुषेय ठरवायचा, तर ज्या शब्दांचा तो बनला आहे ते शब्द, आणि ज्या वर्णांचे ते शब्द बनले आहेत ते वर्ण, कोणीही निर्माण केलेले असून चालणार नाही. म्हणून मीमांसक म्हणतो की, गकार एकच आहे व तो सर्वकाळ आहे. कंठातून निघणारा ध्वनी त्यास केवळ प्रकट करतो. नैयायिकास हे मान्य नाही. जो ऐकू आला तो उपजला, जो ऐकू येईनासा झाला तो गेला, इतका त्याचा हिशेब रोखठोक. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात ज्या गृहस्थांनी आपल्या घरगुती संगणकास दुसऱ्याच कंपनीचा प्रिंटर जोडून पाहिला, त्यांच्या टेबलावर हाच वाद, त्यांच्या नकळत, पुन्हा उभा राहिला होता असे मला वाटते.

प्रथमदर्शनी तेथे विजय मीमांसकाचा दिसतो. संगणकाच्या पोटी अक्षर नसते, अंक असतो. आस्की या नावाचा जो संकेत १९६३ साली अमेरिकेत ठरला, त्यात रोमन मोठ्या 'ए'स ६५ हा अंक नेमून दिलेला आहे. तो अंक काळा नाही, उंच नाही, तिरपा नाही. आणि एप्सनच्या एमएक्स-८० या त्या काळी बहुत खपलेल्या प्रिंटरने आपल्या नऊ सुया शाईच्या फितीवर आपटून तो कागदावर उमटविला काय, किंवा डेझी व्हील नावाच्या चाकावरील कोरीव पाकळीने उमटविला काय, ६५ तो ६५च. अव्यक्त वर्ण एक आणि व्यंजक यंत्रे अनेक, असा हा इतका नेटका दृष्टान्त कुमारिलांच्याही हाती लागला नव्हता.

परंतु हा विजय केबल जोडेपर्यंतच टिकतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर-६४ या संगणकाचा अंकपट आस्कीशी अर्धामुर्धाच जुळत असे. लहान-मोठी अक्षरे एकत्र दाखविण्याच्या त्याच्या पद्धतीत ६५ पासूनची जी घरे आस्कीने मोठ्या लिपीस दिली होती, त्यांत लहान लिपी बसली होती, आणि मोठ्या लिपीची रवानगी त्यापुढे १२८ घरांवर झाली होती. घरच्याच कंपनीच्या प्रिंटरवर सर्व सुरळीत. पण तोच मजकूर एप्सनच्या एफएक्स-८० कडे जसाच्या तसा धाडला की लहान अक्षरे सारी मोठी होऊन येत, आणि मूळची मोठी अक्षरे, त्या प्रिंटरच्या वरच्या घरांत तिरपा टंक साठविलेला असल्यामुळे, तिरपी होऊन येत. मग दोहोंच्या मध्ये एक दुभाषी डबी बसवावी लागे, जी येणाऱ्या प्रत्येक अंकाचा तर्जुमा करून तो पुढे रवाना करी. याहून मासलेवाईक कथा ३५ या अंकाची. अमेरिकन संचात तेथे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांचे जाळीचे चिन्ह, तर ब्रिटिश संचात पौंडाचे चिन्ह. ९१ आणि ९३ या घरांत अमेरिकेत चौकोनी कंस, जर्मनीत मात्र टिंबे धारण करणारे दोन स्वर. कोणत्या देशाचा अंमल चालवायचा हे प्रिंटरमधील चिमुकल्या खटक्यांनी, किंवा २७ या अंकाने आरंभ होणाऱ्या हुकुमाने, ठरवावे लागे. तेव्हा अंक हा वर्ण नव्हे. शब्दाचा अर्थाशी संबंध स्वभावसिद्ध नसून ठरावाने झालेला आहे, हे नैयायिकाचे म्हणणे येथे अक्षरापर्यंत येऊन पोहोचते.

मग वर्ण आकृतीत आहे म्हणावे काय? कमोडोरच्याच एमपीएस-८०१ प्रिंटरला उभ्या सात टिंबांत अक्षर बसवावे लागे, आणि त्यामुळे ज्या रोमन लहान अक्षरांची शेपटी ओळीखाली उतरायची ती 'जी', 'पी', 'वाय' ही अक्षरे शेपटी आखडून ओळीवरच उकिडवी बसत; रूप विद्रूप झाले, तरी वाचणाऱ्याचे अडत नसे. पुढे १९८६ साली याच कमोडोरसाठी जीओज ही प्रणाली निघाली, आणि तिने प्रिंटरच्या पदरचे टंक बाजूस ठेवून आपले टंक आपणच टिंबाटिंबांनी रेखाटून पाठविण्याचा परिपाठ धरला. ही माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कारण तारेतून आता अक्षर जातच नाही. जाते ते कोठे सुई मारावी आणि कोठे मारू नये एवढेच. प्रिंटर निरक्षर असून छपाई निर्दोष! वर्ण मग उरला तो पाहणाऱ्याच्या 'हा तोच' या प्रत्यभिज्ञेत, आणि मीमांसकाचा मुख्य आधारस्तंभ तीच प्रत्यभिज्ञा आहे. नैयायिक तिला दिव्याच्या ज्योतीचे उदाहरण देऊन उत्तर देतो : ज्योत क्षणोक्षणी निराळी, सादृश्यामुळे ती एक भासते. सादृश्य म्हणजे नेमके कशाशी सादृश्य, हे मात्र त्यास सांगता येत नाही, असे माझे त्याच्यावर आरोपपत्र आहे.

सांगता येत नाही याची साक्ष एका वेगळ्याच दिशेने मिळते. संगणकशास्त्राचे आचार्य डोनाल्ड क्नूथ यांनी मेटाफाँट ही प्रणाली रचली, जीत अक्षराचे चित्र न काढता त्याच्या जाडीची, उंचीची, कलाची गणिती सूत्रे लिहावयाची, आणि परिमाणे पालटली की एकाच सूत्रातून अनेक टंक निघावयाचे. १९८२ साली 'व्हिजिबल लँग्वेज' या नियतकालिकातील लेखात त्यांनी बायबलातील तेविसावे स्तोत्र असे छापले की अक्षरागणिक टंकाचे रूप किंचित किंचित पालटत जावे. त्यावर डग्लस हॉफस्टॅटर यांनी त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला की, परिमाणे कितीही वाढविली तरी जगातील सर्व 'ए' त्यांच्या टापूत येणार नाहीत. नैयायिक ज्यास जाती म्हणतो, तो सर्व 'ए'मधील समान धर्म कोष्टकात मावत नाही, हेच ते निराळ्या वेषातले विधान.

पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच शब्द नित्य की कार्य हा प्रश्न काढला आहे, आणि त्याचा ऊहापोह व्याडीच्या संग्रह ग्रंथात झाला आहे असे म्हणून, पक्ष कोणताही घेतला तरी व्याकरण रचावेच लागेल, असा व्यवहारी निर्णय दिला आहे. तो संग्रह ग्रंथ आज उपलब्ध नाही! वैयाकरणांच्या परंपरेत प्रवाहनित्यता म्हणून एक कल्पना आहे : वस्तू टिकत नाही, तिचा ओघ खंडित होत नाही, एवढ्याच अर्थाने ती नित्य. मला हाच पक्ष सोयीचा नव्हे, खरा वाटतो. कारण वर्ण नित्य आहेत असे म्हणणाऱ्या वैदिकांनीदेखील त्यांस त्यांच्या नित्यतेच्या भरवशावर सोडले नाही. पद, क्रम, जटा, घन असे उलटसुलट पाठ रचून पिढ्यान् पिढ्या त्यांनी तो ओघ राखला.

यंत्रांच्या जगात ओघ फार लवकर आटतो. अडोबी कंपनीचा टाइप-१ हा टंकप्रकार मुद्रणात सर्वमान्य होता. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द त्याच कंपनीने आपल्या प्रणालींतून त्याचा आश्रय काढून घेतला. आजचे अनेक स्वस्त प्रिंटर नुसते अंक ओळखीतच नाहीत; जुन्या संगणकाने ६५ धाडला तर कागद हलतही नाही. म्हणून काही हौशी मंडळी एप्सनची जुनी हुकूमपत्रके समोर ठेवून, ते २७ ने सुरू होणारे हुकूम वाचणारे नवे दुभाषी रचतात. आमच्याकडे तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी छपाईचे टंक रोमन अक्षरांच्याच घरांत काना, वेलांटी, अर्धा शकार असे देवनागरीचे तुकडे भरून चालविले जात, आणि प्रत्येक टंककाराचा भरणा निराळा. तो टंक गहाळ झाला की पुस्तकाच्या मसुद्याच्या जागी रोमन चिन्हांचा खच दिसतो. कोणत्या चिन्हाआड कोणती मात्रा, याची कोष्टके तयार करून असे मसुदे सोडविता येतात. पण कोष्टक शुद्ध आहे की नाही हे अखेरीस मराठी जाणणाऱ्या माणसाने ती ओळ वाचूनच सांगावे लागते.