आधी काटा तपासावा

बेंबळी गावात सोयाबीन विकायला नेणारा शेतकरी पोत्याआधी काट्याकडे पाहतो. काटा शून्यावर आहे एवढ्याने तो खरा ठरत नाही. माहीत असलेले वजन ठेवले की खोट उघडी पडते. क्वांटम रसायनशास्त्राचे सॉफ्टवेअर बसवतानाही हीच सावधगिरी हवी. प्रोग्रॅम कंपाइल झाला, चालला, आठ दशांश स्थळांपर्यंत ऊर्जा छापून मोकळा झाला, तरी उत्तर चुकीचे असू शकते. प्रोग्रॅम ६४ बिटी पूर्णांक धरून चालणारा आणि त्याला जोडलेली गणिती लायब्ररी ३२ बिटी असली, तर कधी तो बंद पडतो, कधी मुकाट्याने भलतेच आकडे देतो. त्यापेक्षा बंद पडलेला परवडला.

म्हणून ज्याचे उत्तर ठाऊक आहे, त्याचीच गणना आधी करावी. केंद्रक स्थिर धरले तर हायड्रोजन अणूची ऊर्जा कागदावरच उणे ०.५ हार्ट्री (अशा गणनांतले ऊर्जेचे एकक) येते. हार्ट्री-फॉक या गणनापद्धतीत बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच, वाढवत नेला की उत्तर वरून खाली उतरत त्या आकड्याजवळ जाते. त्याच्या खाली ते जाऊ शकत नाही. खाली गेलेच, तर कुठेतरी नक्की चूक आहे. अनेक प्रोसेसरांवर बेरजेचा क्रम बदलतो आणि अगदी शेवटचे अंक हलतात. त्याने घाबरू नये. पण ०.००१६ हार्ट्री म्हणजे मोलमागे एक किलोकॅलरी. अभिक्रियेच्या ऊर्जा-अडथळ्यात तेवढी चूक झाली, तर खोलीच्या तापमानाला वेगाचा अंदाज सुमारे पाचपट चुकतो. कोणता फरक सोडायचा आणि कोणता धरायचा, हे रसायनशास्त्र समजलेल्या माणसानेच ठरवायचे असते.

पुण्यात ही शिस्त जवळजवळ मोठ्या यंत्रांइतकीच जुनी आहे. तिथल्या सी-डॅक या संगणन संस्थेचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये आला. पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मॉलिक्युलर टेलरिंगची पद्धत मांडली: मोठ्या रेणूचे एकमेकांवर येणारे तुकडे करायचे, त्यांची गणना करायची आणि त्यातून अख्ख्या रेणूचे गुणधर्म जुळवायचे. अशा पद्धतीवर विश्वास कसा ठेवायचा? ज्या रेणूची पूर्ण गणना शक्य आहे, त्यावर ती ताडून पाहायची आणि मगच शक्यतेपलीकडच्या रेणूकडे वळायचे.

आज पायएससीएफ किंवा साय-४ सारखी मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतात. बेंबळीतला एमएस्सीचा विद्यार्थीही हायड्रोजनचा तो आकडा स्वतः काढू शकतो आणि कोणाच्या अधिकारवाणीवर न विसंबता त्याची शहानिशा करू शकतो. आपल्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत या चाचणीला पहिले पान द्यावे. मोठ्या यंत्रांची संधी सगळ्यांना मिळणार नाही. पण मिळालेले उत्तर तपासल्याशिवाय न स्वीकारण्याची सवय कोणत्याही गावात लावता येते, आणि संशोधक घडतो तो तिनेच.