शेर आपला, शायर परका?

उर्दू गझलेत माशूकचा उल्लेख बहुधा पुल्लिंगी असतो. मुशायऱ्यात आपण त्याला वाहवा करतो, आणि कुणी विचारलेच तर 'ही परंपरा आहे' असे सांगून मोकळे होतो. या पडद्याची आपल्याला कधीच अडचण झाली नाही.

इफ्ती नसीम यांनी हा पडदा दूर केला. १९४६ साली लायलपुरात, म्हणजे आजच्या फैसलाबादेत, जन्मलेला हा शायर तरुणपणी अमेरिकेत गेला आणि शिकागोत स्थिरावला. त्याने पोटासाठी मोटारी विकल्या, रेडिओवर कार्यक्रम केले, उर्दू स्तंभ लिहिले. भरजरी पोशाखात, दागिने घालून तो लोकांपुढे उभा राहिला. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई समलिंगी माणसांसाठी 'संगत' ही संस्था उभारण्यात त्याचा वाटा होता. १९९४ साली त्याचा 'नरमान' हा संग्रह आला. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम त्यात आडपडद्याविना होते. २०११ साली शिकागोतच त्याचे निधन झाले.

आमच्यात अशा माणसाविषयी म्हटले जाते, 'शायरी चांगली, पण माणूस...' पुढचे वाक्य कुणी पूर्ण करीत नाही. धर्माने जे निषिद्ध ठरवले त्याचे कौतुक कसे करायचे, हा प्रश्न खोटा नाही. उलेमांचे मत आम्हांला ठाऊक आहे. त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकारही नाही. पण गालिबचे काय? दारू आणि जुगार दोन्ही हराम. जुगारापायी १८४७ साली ते तुरुंगातही गेले. तरी त्यांचे किस्से आपण हसत हसत मुलांना सांगतो. म्हणजे आपला तराजू केवळ धर्माचा नाही. काही गुन्हे आपल्याला गोड वाटतात, काहींची लाज वाटते, आणि त्या लाजेलाच आपण धर्माचे नाव देतो.

मराठी मुसलमानांना तरी हे दुखणे कळायला हवे. 'तुम्ही मराठी किती छान बोलता!' हे कौतुक आम्ही जन्मभर ऐकत आलो. त्यात भाषेचा स्वीकार असतो, बोलणारा मात्र पाहुणाच राहतो. आपल्याला हवी तेवढीच बाजू घ्यायची आणि उरलेला माणूस उंबऱ्याबाहेर ठेवायचा, ही वागणूक आम्हांला अन्याय वाटते. मग तीच आपण आपल्या घरातल्या एखाद्या अबोल मुलाशी करीत नाही ना?

मत बदलणे न बदलणे ज्याच्या त्याच्या विवेकावर. पण त्या मुलाला सलाम केला तर जबाब देणे, आजारात विचारपूस करणे, जनाज्याला खांदा देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. हिशेब घेणारा वर बसला आहे.