खुंट्याला दुसरा हात

देवळाली कॅम्पात लॅम रोडनं जाताना पारशी, गुजराती, कच्छी, जैन अशा समाजांनी बांधलेली सॅनिटोरियम लागतात. मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेल्या, आजारातून उठलेल्या आपल्या माणसानं इथं येऊन राहावं, भाडं त्याला झेपेल एवढंच असावं, म्हणून कुणी जमीन दिली, कुणी खोल्या बांधल्या. विश्रांती ज्याच्या-त्याच्या खिशावर सोडून चालत नाही, तिची सोय समाजानं मिळून करायची असते, हे त्या लोकांना उमगलं होतं. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

याच हवेत आज कितीतरी घरांत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि उशाशी बायको, सून किंवा मुलगी आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं उंच ठेवायचं, नंतरही लगेच आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी रिकामी करायची. रात्री अकराला, एकला, तीनला पुन्हा उठायचं. स्मृतिभ्रंशाच्या आजारात तर काही घरांत हे वर्षानुवर्षं चालतं. भेटायला जाणारे आपण म्हणतो, "तुमच्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं." चहा घेतो आणि निघतो.

या कौतुकानं तिचं नुकसानच होतं. एकदा देवी ठरवली की तिला दमायची मुभा उरत नाही. "मला चार दिवस सुटी हवी" एवढं म्हणायलाही ती धजत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते सेवा टाकून पळाल्यासारखं वाटेल.

आईबापाची सेवा म्हटलं की आपल्याला पुंडलिक आठवतो. देव दारात आला तरी तो उठला नाही. पण त्याच विठ्ठलाची दुसरी गोष्टही आपलीच आहे. जनाबाई एकटी दळत होती, तेव्हा तो जात्यासमोर बसला आणि दळू लागला. आपण पुंडलिकाचं न उठणं तेवढं उचललं. खुंट्याला दुसरा हात लावण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही.

सरकारी योजनांतही तेच दिसतं. महाराष्ट्रात श्रावणबाळाच्या नावानं निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन मिळतं आणि ते मिळायलाच हवं, पण कावड खांद्यावर घेतलेल्याची तिथं नोंद नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. 1999 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना काही काळ निवासी सांभाळ देते. घराघरांत मात्र ही नावंसुद्धा पोहोचलेली नाहीत. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र कर्करुग्णांना मोफत ठेवून घेतं, सोबत घरचं माणूस राहतं, शिकतं, थोडं सावरतं. आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. मूल शाळेत शिकतं, ते महत्त्वाचं आहेच. पण तेवढे तास त्या आईच्या वाट्याला येतात, हेही मला तितकंच मोलाचं वाटतं.

भावंडांनी एक हिशेब करावा. पुण्याचा किंवा परदेशातला भाऊ दरमहा पैसे पाठवतो, त्यानं औषधं येतात. पण वर्षातले किती दिवस तो स्वतः उशाशी बसणार, हे कुणी विचारत नाही. वाटणी दिवसांचीही व्हायला हवी.

सॅनिटोरियमच्या विश्वस्तांना माझी कळकळीची विनंती आहे. गर्दीचा हंगाम सोडून दोन-तीन खोल्या अशा घरांसाठी ठेवा. सुरुवात आपल्याच समाजातल्या कुटुंबांपासून करा. एका खोलीत रुग्ण, त्याच्याजवळ शिकलेली परिचारिका. पलीकडच्या खोलीत त्याची बायको, सलग आठ तास झोपलेली.

शेजाऱ्यांना तेवढीही वाट पाहायची गरज नाही. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. ती सांगणार नाही. "शनिवारी तीन ते सहा मी बसते" असं वेळेसकट सांगा. औषधांच्या वेळा, गिळायला त्रास असेल तर पाणी किती घट्ट करून द्यायचं, आजोबा कशानं बिथरतात, हे कागदावर लिहून घ्या. पहिल्या शनिवारी ती फार तर कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाईल, तेवढ्यात चारदा फोन करेल आणि अर्ध्या तासात परतेल. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या शनिवारी पुन्हा जा.