संकेत आणि शब्दशक्ती

पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले असल्यामुळे, घाटकोपर वा मुलुंड येथील विद्यार्थ्यास बॅश शेलचा परिचय मातृभाषेतून होऊ शकतो; आणि चिन्हास अर्थ कोठून येतो, या प्राचीन प्रश्नाशी त्याची गाठ तेथेच पडते. वरच्या बाणाची कळ दाबली असता टर्मिनलकडून शेलकडे सामान्यतः २७, ९१ आणि ६५ असे तीन अंक रवाना होतात. पैकी २७ म्हणजे एस्केप. तो पडद्यावर उमटत नाही, परंतु एरव्ही केवळ 'ए' हे अक्षर ठरला असता असा ६५ त्याच्या योगाने मागील हुकूम पुन्हा हजर करतो. पाणिनीचे इत्संज्ञक वर्णही असेच कार्य सुचवून लोप पावतात.

शब्दार्थसंबंध नित्य आहे असे मीमांसक मानतात. तो संकेताने ठरतो असे नैयायिक. कळांची कामे ठरविणाऱ्या इनपुटआरसी फाइलीतील एक ओळ बदलताच तीच कळ निराळे काम बजावू लागते, हा नैयायिकांच्या बाजूचा सबळ पुरावाच होय. तथापि ती ओळ लिहिण्यासाठी आधीच अर्थ ठरलेली अक्षरे लागतात, आणि १९६३ साली अक्षरांना अंक नेमून देणारी आस्कीची सारणी मुक्रर करणारी मंडळीही भाषा जाणणारीच होती. संकेत ठरविण्यापूर्वी भाषा असावीच लागते, या मुद्द्यावर निकाल मीमांसकांच्या बाजूने द्यावा लागेल, असे माझे मत आहे.