दोन गुंजा दारू

राजगडच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. काही वर्षांपूर्वी आश्विनाच्या अखेरीस, खाचरांतील भात पिवळे पडू लागले असता, तेथील एका शेतकऱ्याच्या घरी माझा एक रात्र मुक्काम झाला. जेवणे आटोपल्यावर वृद्ध यजमान पिकाच्या राखणीस निघाले, आणि मीही कुतूहलाने त्यांच्याबरोबर माळ्यावर गेलो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत चार महिन्यांच्या कष्टांची माती करतो, म्हणून त्यांच्यापाशी पीकरक्षणाच्या परवान्याची एक जुनी ठासणीची बंदूक होती. ती भरण्याचा त्यांचा विधी एखाद्या पूजेसारखा होता. त्यांनी नळीत दारू मोजून ओतली, वर चिंध्यांचा बोळा घातला, गजाने तो बेताने ठासला. छरे मात्र घातले नाहीत. ‘‘डुकराला मारायचं न्हाई, पळवायचं हाय. निसता आवाज पुरं,’’ असे त्यांनी मला सांगितले. इतक्यात त्यांचा नातू वर चढून आला आणि म्हणाला, ‘‘आबा, तुमी बसा, म्होरला बार मी भरून देतो.’’ म्हाताऱ्याने मान हलविली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मास्तर, ज्यानं भरली त्यानंच बार काढावा. आत काय गेलंय ते भरणाऱ्याच्या हाताला ठावं. दुसऱ्यानं निसता इस्वास ठेवायचा.’’

त्या वेळी मला हे वाक्य केवळ व्यवहारचातुर्याचे वाटले. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्राने माझ्या ध्यानी आणून दिले.

हा विद्यार्थी मूळचा भोरचा. नोकरीनिमित्त परदेशी गेल्यावर त्याला पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद लागला, आणि तेथील अनेक स्पर्धकांप्रमाणे तोही आपली काडतुसे घरीच भरू लागला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे; तिकडे मात्र हा एक रूढ छंद आहे. काडतूस उडाले म्हणजे गोळी जाते व दारू जळते, परंतु पितळी कवच शाबूत राहते. पितळ लवचीक असल्याने ते कवच साच्यात दाबून पूर्वीच्या मापास आणता येते. मग बुडाची जळालेली टोपी काढून नवी बसवावयाची, दारू मोजून घालावयाची आणि वर गोळी बसवावयाची. असे एक कवच अनेकदा कामी येते. यात पैसा वाचतो हे खरे. पण स्पर्धकाला त्याहून मोठा लाभ असतो तो एकसारखेपणाचा. शंभर काडतुसे जर तंतोतंत सारखी असतील, तर नेम चुकल्यास दोष कोणाचा हे निःसंशय कळते. तो हाताचा असतो, काडतुसाचा नव्हे.

या दारूचे माप मोठे नाजूक असते. ते ग्रेन या इंग्रजी वजनात करतात. आपल्या सोनारांची गुंज जशी वेलीच्या बीवरून आली, तसा ग्रेन धान्याच्या दाण्यावरून आला. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि गुंज सुमारे १२० मिलिग्रॅम. म्हणजे गुंजेत दोन ग्रेनांना किंचित कमीच. पिस्तुलाच्या पुष्कळशा काडतुसांत चार ते सहा ग्रेन, म्हणजे दोन-तीन गुंजा दारू पुरते. एवढ्याने कवच अर्धेही भरत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. लक्ष विचलित होऊन एखाद्या कवचात दुसऱ्यांदा माप पडले, तरी ते आत मावते व वरून काही दिसत नाही. मात्र ते काडतूस हातातील पिस्तूल फोडू शकते. उलट एखाद्यात दारू घालावयाची राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि तेथेच अडकते. आवाज फुसका होतो एवढेच. त्याकडे दुर्लक्ष करून जो पुढचा चाप ओढतो, त्याच्या हातात नळी फुटण्याची वेळ येते.

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. सरावाच्या वेळी एक बार फुसका झाला. सुदैवाने तो थांबला. नळी तपासली तो गोळी मध्येच अडकलेली. त्या आठवड्यात त्याने सुमारे ३०० काडतुसे भरली होती, आणि भरताना मध्येच दूरध्वनी आला म्हणून तो एकदा उठला होता, हेही त्याला आठवले. एक चूक उघडकीस आली. आणखी किती असतील हे कळण्यास मार्ग नव्हता. तयार काडतूस तागडीत घालून आतील दारूची खात्री करता येत नाही, कारण कवचाकवचांच्या व गोळ्यांच्या वजनांतील फरकच दोन गुंजांच्या हिशेबाला चकवतो. तेव्हा त्याने उरलेली सर्व काडतुसे एकेक करून उघडली. दोन रात्री त्यात गेल्या. त्यांत दुसरे एकही सदोष निघाले नाही. परंतु याहून कठीण काम निराळेच होते. त्यांतील ५० काडतुसे त्याने एका मित्राला दिली होती. दुसऱ्याने भरलेले काडतूस उडवू नये, असा त्या मंडळींत दंडकच आहे. स्नेहापोटी दोघांनीही तो मोडला होता. मित्राला गाठून ‘‘मी निष्काळजीपणा केला, ती उडवू नकोस, परत दे,’’ असे त्याला सांगावे लागले. मित्राने काडतुसे परत केली आणि पुन्हा कधी मागितली नाहीत. पत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने विचारले होते, ‘‘सर, एकही वाईट निघाले नाही. मग मी केले ते आवश्यक होते, की तो केवळ भित्रेपणा होता?’’

या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर देणे मला अवघड नव्हते. फलवादी म्हणेल की, कर्माचे मोल त्याच्या संभाव्य परिणामांवरून ठरते. एका बाजूला दोन रात्रींचे श्रम व दुसऱ्या बाजूला एखाद्याचा हात किंवा डोळा, तेव्हा शक्यता अल्प असली तरी हिशेब श्रमांच्याच बाजूने पडतो. कांटचा अनुयायी हिशेबाच्या भरीस पडणारच नाही. आपल्या चुकीचा भार न कळवता दुसऱ्यावर टाकणे, म्हणजे त्याला आपल्या सोयीचे साधन करणे होय, असे तो म्हणेल. दोघेही निराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचतात. काडतुसे निर्दोष निघाली ही गोष्ट उघडल्यानंतर कळली. निर्णय मात्र उघडण्यापूर्वी करावयाचा होता. जे ज्ञान निर्णयाच्या वेळी आपणापाशी नव्हते, त्याच्या आधारे मागाहून त्या निर्णयास भित्रा ठरविणे हा तर्कदोष आहे. इतके लिहून पत्र पुरे करता आले असते.

परंतु लेखणी पुढे सरेना, आणि त्याचे कारण माझ्याच पूर्वायुष्यात होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे तपासण्यास होता. गठ्ठा बांधताना सहज एक उत्तरपत्रिका उघडली, तो गुणांच्या बेरजेत दहाची चूक. ती मी दुरुस्त केली. त्या रात्री घरी पाहुणे होते, मी घाईत होतो, आणि बेरजा करताना माझे लक्ष ठिकाणावर नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी गठ्ठा पोहोचविण्याची मुदत होती. सर्व बेरजा पुन्हा पाहण्यास दोन तास लागले असते. मी ते दिले नाहीत. ‘एखादी चूक व्हायचीच’ असे मनाशी म्हणून गाठ मारली. त्यानंतर कोणाची तक्रार आली नाही, कोणी जाब विचारला नाही. त्या गठ्ठ्यात दुसरी चूक होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. असलीच, तर कोण्या मुलाचे वर्ष त्या दहा गुणांत गेले असेल, आणि दोष आपल्याच अभ्यासाचा असे समजून तो गप्प बसला असेल.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती अंगठी फिरविली की धारण करणारा अदृश्य होतो. मग तो न्यायाने वागेल काय, असा तेथे प्रश्न आहे. आपण समजतो की अशी अंगठी कथेतच असावयाची. वस्तुतः जो जो माणूस काही भरून, बांधून, मोजून, बेरीज करून बंद करतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो, त्याच्या बोटात ती असतेच. औषधाची पुडी बांधणारा, पुलाच्या पायात सिमेंट ओतणारा, गुणपत्रक भरणारा हे सर्व आपापल्या कामापुरते अदृश्य आहेत. स्पर्धेत पंच काही काडतुसे घेऊन गोळीचा वेग मोजतात. पण मोजलेली काडतुसे उडून गेलेली असतात, आणि उरलेल्यांविषयी भरणाऱ्याच्या मनाखेरीज साक्षीदार नसतो.

मग म्हाताऱ्याचा नियमच सर्वांनी पाळावा काय? ‘ज्याने भरली त्यानेच बार काढावा’ हा नियम मोठा न्याय्य दिसतो, कारण त्यात चूक करणारा व फळ भोगणारा एकच राहतो. पण तो सर्वत्र लावू गेल्यास समाज उभाच राहणार नाही. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथे बनलेले काडतूस जो सैनिक बंदुकीत घालतो, त्याने बनविणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. त्या प्रकारातील काडतुसे तर घरी पुन्हा भरण्याजोगी नसतातच. त्यांचा प्रत्येक नेम कोणा अनामिक कारागिराच्या सचोटीवर अर्धा विसंबलेला होता.

आणि दूर कशाला जावे? बाजीप्रभू देशपांडे याच भोर तालुक्यातील शिंदचे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंड अडवून ते उभे राहिले, तेव्हा महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हावयाचे होते, असे परंपरा सांगते. दिवस आषाढाचे, सह्याद्रीचा पाऊस. अशा हवेत तोफेची दारू कोरडी राखणे हे सामान्य काम नव्हे. गडावर ती ज्याने राखली, ज्याने तोफ ठासली, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. बाजीप्रभूंना स्वतः तोफ भरून येता आले नसते. ते आपल्या हातचे काम करीत होते, आणि त्या कामाची सांगता एका अपरिचित हातावर सोपवून लढत होते. तो बार फुसका झाला असता, तर त्या वीराला आपला देह सार्थकी लागला हे कळलेही नसते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्राण घेण्याच्या साधनांवरून सचोटीचा धडा काढणे विपरीत आहे. विष कालवणाराही माप चोख ठेवतो. हा आक्षेप खरा आहे. चोखपणा हा स्वतः सद्गुण नव्हे. तो कोणासाठी व कशासाठी, यावर त्याचे मोल अवलंबून आहे. विष कालवणाऱ्याचा चोखपणा परिणाम दुसऱ्याच्या माथी मारण्यासाठी असतो. माझ्या विद्यार्थ्याचा परिणाम आपल्या माथी घेण्यासाठी होता. कागदी लक्ष्यावर नेम धरल्याने शस्त्र निष्पाप होते, असेही मी म्हणणार नाही. किंबहुना शस्त्र निष्पाप नाही म्हणूनच ते आपल्याला जागे ठेवते. बेरजेची चूक आवाज करीत नाही, एवढाच तिच्यात आणि काडतुसात फरक.

म्हणून म्हाताऱ्याच्या नियमाचे दोन भाग करावेत, असे मला वाटते. बार काढणाऱ्याने शक्य तो स्वतः भरावे, हे शहाणपण झाले. भरणाऱ्याने मात्र दुसराच कोणी बार काढणार आहे असे धरून भरावे, आणि शंका आल्यास सगळे पुन्हा उघडावे. हे कर्तव्य झाले. शहाणपण माणसाला वाचवते. पण परक्याने आपल्यावर ठेवलेला विश्वास खरा करावयाचा, तर त्याला कर्तव्यच लागते.

पत्राचे उत्तर पाठविण्यास मला आठ दिवस लागले. ‘तू योग्य तेच केलेस’ एवढे लिहून थांबणे मला सोपे होते; परंतु ते लिहिण्याचा अधिकार मजपाशी आहे असे वाटेना. शेवटी मी त्याला त्या गठ्ठ्याची हकीकत लिहिली, जी आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती. उलट टपाली त्याने त्याविषयी एक शब्दही लिहिला नाही. फक्त, या दिवाळीत भोरला येईन तेव्हा राजगडला जाऊ आणि त्या आबांना भेटू, असे कळविले आहे.