पाळीवर फिरणारे, पाळीखाली झोपणारे

मातीचं धरण पाझरतंच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. पण त्यात भिण्यासारखं काही नाही. पायथ्याशी येणारं पाणी निवळ असेल तर ठीक. गढूळ यायला लागलं, की समजायचं पाणी आतली माती घेऊन निघालंय. भिंत आतून पोखरली जातेय. वरून मात्र काहीच दिसत नाही, गवत तसंच हिरवं असतं.

मी पिपरी मेघेला राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात पाहुणे आले की बोर धरणाची चक्कर ठरलेली. तेही मातीचंच. तिथल्या फोटोंत पाणी येतं, जंगल येतं. भिंतीच्या दुसऱ्या बाजूची गावं येत नाहीत.

याच गोष्टीने मला सध्या छळलंय. तलावाची मजा घेणारा एक आणि त्याचा धोका अंगावर घेऊन झोपणारा दुसरा. पहिल्याचं दुसऱ्याला काही देणं लागतं का?

नागपूरचा अंबाझरी घ्या. १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला मातीचा बांध. आज तो फिरायचा, भुट्टा खायचा तलाव आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. माणसं दगावली. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडवली का, यावरून प्रकरण हायकोर्टात गेलं.

बांध फुटला नाही, हे नशीब. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बऱ्याचदा सोसते. मातीची भिंत वाहून जाऊ शकते. म्हणून मातीच्या धरणात सांडवा म्हणजे जीव. त्याच्या वाटेत काहीही उभं करायचं म्हणजे खालच्यांच्या वतीने जुगार खेळायचा.

‘दीडशे वर्षांत काही झालं नाही,’ असं आपण अभिमानाने सांगतो. पण बांध बांधला तेव्हा खाली इतकी वस्ती कुठे होती? मातीचा एक कणही न हलता ते धरण दरवर्षी जास्त धोकादायक होत गेलं, कारण त्याखाली आपण राहायला गेलो. मग दोष कुणाचा? ले-आउट पाडणाऱ्याचा, मंजुरी देणाऱ्याचा, की प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून घेणाऱ्याचा? मला तिघांना एका तराजूत तोलता येत नाही. घेणाऱ्याला सांडवा म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि वय हा एकटाच गुन्हेगार नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण काही म्हातारं नव्हतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. बिळं मातीचा बांध कमकुवत करतात, हे खरंच आहे. पण बीळ शोधायला, बुजवायला माणूस ठेवायचा असतो, आणि तो खेकड्याने ठेवायचा नसतो!

झाडांचा पेच मला जास्त अवघड वाटतो. अंबाझरीच्या पाळीवरची झाडं काढायची म्हटल्यावर नागपुरात विरोध झाला. मीही झाडांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. पण मेलेल्या झाडाची मुळं कुजली, की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. सावली वर फिरणाऱ्याची, पोकळी खाली झोपणाऱ्याची. इथे मी, जड मनाने का होईना, कुऱ्हाडीच्या बाजूला जाईन.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केलीय. तो अहवाल खालच्या वस्तीत, किराणा दुकानाच्या भिंतीवर, साध्या मराठीत का चिकटवू नये? एक मित्र म्हणाला, ‘‘अबे, लोक घाबरतील. प्लॉटचे भाव पडतील.’’

पडू देत. भाव आज टिकून आहे तो विकणाऱ्याला माहीत असलेलं घेणाऱ्याला माहीत नाही म्हणून.