चढाला गुण नसतात

परंड्याचा किल्ला भुईकोट आहे आणि त्यात नवल काही नाही. सीनेच्या खोऱ्यातल्या या सपाट रानात किल्ला चढवायला डोंगर आहेच कुठे? 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबराने निजामशाहीची गादी इथे मांडली, ती खंदक, बुरूज आणि तोफांच्या भरवशावर. विजापूरला पर्यटक जिच्यापुढे फोटो काढतात ती मलिक-ए-मैदान तोफ एके काळी इथलीच. बालाघाटाची चढण हवी तर भूमच्या दिशेने निघावं लागतं. त्यामुळे मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या परंडेकराची पहिली अडचण पायांची नसते, भूगोलाची असते. पळायला रस्ते भरपूर, चढ नाही. मग कालव्याचा भराव गाठायचा आणि त्यावर खाली-वर करत राहायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, या माणसाचं काहीतरी हरवलंय.

हा आटापिटा पेडर रोडसाठी. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होते, आता जानेवारीत. मुंबईला डोंगराळ शहर कोणी म्हणत नाही, पण मलबार हिल, कंबाला हिल ही नावं काही उगाच पडलेली नाहीत. त्या टेकड्यांचा एक पदर पूर्ण मॅरेथॉनच्या वाटेत वर्षानुवर्षे आडवा येत आला आहे, आणि तोही दोनदा. जाताना तो जाणवतसुद्धा नाही. पहाटेचा अंधार असतो, अंगात नवा दम असतो. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास, हाजी अली मागे पडलं की जसलोक हॉस्पिटलच्या बाजूने पेडर रोड वर जायला लागतो. गाडीत बसलेल्याला हा चढ म्हणून सांगावा लागेल, इतका साधा. पळणाऱ्याचं पाऊल मात्र तिथे आपोआप आखूड होतं, टाचा टेकेनाशा होतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात. ऊन वर आलेलं असतं, हवेत दमटपणा असतो आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक ‘झालंच आता, थोडंच राहिलं’ असं ओरडत असतात. थोडंच म्हणजे अजून सहा-सात किलोमीटर.

पोचणं एवढंच काम असेल तर तिथे चालत गेलं तरी चालतं. अनेक जण चालतातही. ज्याला वेळ गाठायची आहे त्याची गोष्ट वेगळी. बॉस्टन मॅरेथॉनला अर्ज करायचा तर आधी दुसऱ्या एखाद्या प्रमाणित मार्गावर ठरावीक वेळेत बेचाळीस किलोमीटर 195 मीटर पूर्ण करावे लागतात. वय आणि लिंगाप्रमाणे वेळेचा तक्ता आहे. पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांना 2026 च्या शर्यतीसाठी 3 तास 15 मिनिटांची अट होती, म्हणजे सरासरी किलोमीटरला साधारण 4 मिनिटे 37 सेकंद. माझं वय त्याच रकान्यातलं. आता हा 4:37 सपाटीवर एक मागणी करतो आणि चढावर दुसरी, आणि तक्त्याला त्यातला फरक कळत नाही. चढावर तोच वेग धरायचा तर हृदय, फुप्फुसं, मांड्या सगळ्यांकडून जादा वसुली होते. उतार ती भरपाई करेल म्हणावं तर तोही पूर्ण करत नाही, कारण उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन रोखून धरत असतात आणि त्यात त्यांचे बारीक तंतू दुखावतात. शर्यतीनंतर दोन दिवस जिना उतरताना माणूस कठडा धरतो ते यामुळे.

म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात, चढावर वेग धरू नका, धाप धरा. श्वास सपाटीवर होता तसाच राहू द्या, वेग पडेल तेवढा पडू द्या. ऐकायला सोपं आहे. मनगटावरचं घड्याळ दर किलोमीटरला कंप पावून ‘मागे पडलास’ असं सांगत असताना शांतपणे मागे पडत राहणं फार अवघड आहे. माझ्या मते या शर्यतीचं खरं कसब पायात नसून या सहन करण्यात आहे. मग भले भले एक पळवाट काढतात: सुरुवातीच्या सपाट किलोमीटरांत जरा जोरात पळून घ्यायचं, पाच-दहा सेकंद दर वेळी मिळवून ठेवायचे, चढावर ते खर्च करायचे. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात, तसलाच हा व्यवहार. पैसे हातात आले तेव्हा कमावल्यासारखे वाटतात. फेड पुढे अंगमेहनतीने करायची असते आणि ती कधीच घेतली तेवढ्यावर भागत नाही. मरीन ड्राइव्हवर पहाटे घेतलेली उचल पेडर रोडवर फिटते.

साताऱ्याला वेगळा अनुभव येतो. तिथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. पावसाळी धुकं, ओला डांबरी रस्ता. तिथून परतलेले लोक ‘घाट काढला’ एवढंच सांगतात, आणि वेळ विचारली तर आधी घाटाचं वर्णन करतात. अर्धमॅरेथॉनची वेळ बॉस्टनला चालत नाही, त्यामुळे घड्याळाचा धाक कमी. तोच चढ, त्याच पोटऱ्या. पण पात्रतेचा आकडा डोक्यावर नसला की चढ हा अडथळा न राहता शर्यतीचा विषय होतो.

हे सगळं मी परंड्यात बसून लिहितोय, आणि परंड्यात पळण्याचा अर्थ वेगळा आहे. पहाटे बार्शी रस्त्याला जी पोरं पळतात ती हौसेची नाहीत. ती भरतीची. पोलीस शिपाई व्हायचं तर मैदानी चाचणीचे पन्नास गुण, त्यातले वीस सोळाशे मीटरचे, बाकी शंभर मीटर आणि गोळाफेकीचे. मुलांना सोळाशेत पूर्ण गुण हवे असतील तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत यायला हवं. सैन्याच्या अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढणाऱ्याला साठपैकी साठ अशी पद्धत होती. या पोरांच्या तोंडी ‘वेळ’ हा शब्द नसतोच, ‘टायमिंग’ असतं. टायमिंग बसलं, टायमिंग हुकलं, पाचच्या आत टायमिंग आहे त्याचं. एकाच्या हातात मोबाइल, बाकीचे रस्त्याकडेच्या खुणेपासून सुटतात, आणि शेवटचे शंभर मीटर असे येतात की पाहणाऱ्याची छाती भरून यावी.

त्यातला एक जण माझ्याबरोबर हळूहळू पळायला लागला, अंग मोकळं करायला. त्याने विचारलं, “काका, तुमचं टायमिंग किती बसवायचंय?”

“तीन पंधरा. बेचाळीस किलोमीटरला.”

“बसलं तर काय भेटतंय?”

“अमेरिकेतल्या एका शर्यतीला अर्ज करता येतो.”

“नोकरी?”

“नाही रे. पैसे आपणच भरायचे. तिकीटही आपलंच.”

तो जरा वेळ गप्प पळाला. मग म्हणाला, “आन् टायमिंग बसलं तर नाव लागतंयच का?”

“नाही, तसंही नाही.”

“म्हंजे मेरिट बाकीच की.”

पोराने बॉस्टनचं नावही धड ऐकलं नव्हतं, पण त्या पूर्ण व्यवस्थेचा गाभा त्याने एका वाक्यात हातात दिला. बॉस्टनने पात्रता वेळ आणली ती 1970 मध्ये. आदल्या वर्षी धावणाऱ्यांची संख्या हजारावर गेली होती, म्हणून चार तासांच्या आत पोचेल एवढी तयारी असलेल्यांनाच घेऊ असं ठरलं. उत्तम धावपटू शोधण्यापेक्षा गर्दी आवरणं हा हेतू होता, आणि तो आजही तसाच आहे. 2025 च्या शर्यतीसाठी 36,393 पात्र धावपटूंनी अर्ज केले, घेतले 24,069. म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा 6 मिनिटे 51 सेकंद आधी पोचलेलेच आत गेले. बारा हजारांवर लोक पात्र ठरूनही बाहेर राहिले. पुढच्या वर्षी साठीच्या आतल्या सगळ्यांची वेळ पाच मिनिटांनी कडक केली, तरीही आणखी 4 मिनिटे 34 सेकंदांचा फरक लागलाच. कोणी पाच मिनिटं जोरात पळालं म्हणून जागा वाढत नाहीत. सगळेच पाच मिनिटं पुढे गेले की रांग तिथून पुढे सुरू होते. भरतीचं हेच आहे. मैदानी चाचणीत पन्नास टक्के मिळवणं ही पात्रता. त्यानंतर एका जागेला दहा या प्रमाणात लेखी परीक्षेला बोलावणं, आणि मग यादी. ‘ग्राउंड निघालं, पण मेरिटला गेलो नाही’ हे वाक्य आमच्या तालुक्यात घरटी एकदा तरी ऐकायला मिळेल.

सीनेच्या वरच्या अंगाला बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका आहे. अविनाश साबळे तिथल्या मांडव्याचा. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत तो तेरावा आला, आणि तरीही तो दिवस त्याचा होता, कारण टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ 8 मिनिटे 22 सेकंद होती आणि त्याची वेळ आली 8:21.37. अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त फट, त्यातून ऑलिंपिक. पण टोकियोत याच हिशेबाची दुसरी बाजू दिसली. प्राथमिक फेरीत त्याने 8:18.12 असा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत गेला नाही. प्रत्येक गटातले पहिले काही थेट पुढे जातात असा नियम. त्याचा गट वेगवान निघाला, आणि दुसऱ्या गटातले त्याच्याहून जास्त वेळ घेतलेले धावपटू पुढे गेले. नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण घड्याळ निष्पक्ष असतं या आपल्या समजाला तिथे तडा जातो. घड्याळ निष्पक्ष असतं. घड्याळाभोवती जागांचं, गटांचं, मैदानाचं जे कुंपण घातलेलं असतं ते निष्पक्ष असेलच असं नाही.

चढउताराच्या बाबतीत हे कुंपण फारच मजेशीर आहे. काही शर्यती डोंगरावरून थेट खाली येतात आणि तिथे लोक पात्रता वेळ सहज काढतात, हे लक्षात आल्यावर बॉस्टनने 2027 साठी नवा नियम केला: सुरुवातीपासून शेवटापर्यंत मार्ग 1500 फुटांहून अधिक खाली उतरत असेल तर वेळेत पाच मिनिटं मिळवली जातील, 3000 फुटांच्या पुढे दहा, आणि 6000 फुटांच्या पुढे ती वेळच चालणार नाही. उताराला दंड लागला, हे ठीक. चढाला मात्र सूट नाही. ज्याने घाट चढून 3:15 काढली आणि ज्याने सपाट रस्त्यावर काढली, दोघे एका रकान्यात. गंमत म्हणजे खुद्द बॉस्टनचा मार्ग हॉपकिंटनपासून शहरापर्यंत इतका उतरतो आणि इतका एका दिशेने जातो की तिथली वेळ विश्वविक्रम म्हणून धरली जात नाही. 2011 मध्ये जेफ्री मुताईने तिथे 2:03:02 काढली, तोवर जगात कोणी तेवढ्या वेळात मॅरेथॉन पळालं नव्हतं, आणि विक्रमांच्या यादीत तिला जागा मिळाली नाही.

चढाला सूट द्यावी का? मला नाही वाटत. आजची घड्याळं चढ ओळखतात, ‘सपाटीवर हा वेग एवढा झाला असता’ असा अंदाजही दाखवतात. पण चढाला गुण दिले तर दमट हवेला का नाहीत? रात्रपाळी करून पळणाऱ्याला का नाहीत? 2024 ची पोलीस भरती जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली; ओल्या मैदानावर पळालेल्यांना कोरड्या मैदानावरच्यांच्या तुलनेत काय द्यायचं? हा तक्ता कधीच पूर्ण होणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वेळ जाहीर करणाऱ्याने जागाही आधी सांगाव्यात, आणि या बाबतीत आपली भरती बॉस्टनपेक्षा प्रामाणिक आहे. जाहिरातीत किती पदं, कोणत्या प्रवर्गाला किती, हे छापून येतं. पोराला आपण कितीजणांशी पळतोय हे ढोबळ तरी कळतं. बॉस्टनचा खरा आकडा कळतो अर्ज भरून झाल्यावर, तोवर तुमच्या पळण्याला काही महिने उलटून गेलेले असतात.

2016 च्या मुंबई मॅरेथॉनची एक गोष्ट धावणारे आवडीने सांगतात. टी. गोपी हा सैन्याचा धावपटू त्या दिवशी पेसर होता. नितेंद्रसिंग रावतला वेग धरून द्यायचा आणि मध्येच थांबायचं हे त्याचं काम. तो थांबला नाही, 2:16:15 मध्ये पोचला आणि रिओ ऑलिंपिकला पात्र झाला. तिथे तो पंचविसावा आला, भारतीयांत पहिला. या गोष्टीचा अर्थ ‘मागे लागू नका, मिळून जातं’ असा काढला जातो. मला हा अर्थ साफ नामंजूर आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा सराव झालेला होता, अंगात तेवढी तयारी होती म्हणून पाय थांबले नाहीत. फार तर एवढं म्हणता येईल, की आधीच्या किलोमीटरांत त्याला स्वतःच्या घड्याळासाठी उचल घ्यायचा मोह नव्हता. दुसऱ्यासाठी धरलेला वेग नेमका होता.

तर माझ्या हिशेबात आता 3:15 नाही, 3:10 आहे, म्हणजे सरासरी साडेचार मिनिटं. सपाटीवर 4:28 ने जायचं. पेडर रोडवर घड्याळ पाचाकडे सरकलं तरी सरकू द्यायचं, उतारावर बाबुलनाथकडे येताना मांड्यांना फार न दुखावता जेवढं परत येईल तेवढं घ्यायचं, आणि येणार नाही ती तूट त्या दोन-दोन सेकंदांत आधीच धरलेली आहे. भरावावरचा सराव तोवर चालू राहील. त्या पोराने परवा विचारलं की कालव्यावर खाली-वर केल्याने सोळाशेचं टायमिंग सुधारतं का. सुधारतं, शेवटच्या चारशेला, असं मी सांगितलं, आणि आता आम्ही दोघं तिथे असतो.